दार नंबर तेवीस

"मग जा की! कोण अडवतंय तुला? पोरीला घे, मशीन घे, आणि तुझ्या बहिणीच्या दोन्ही गाईंना माझा नमस्कार सांग."

"हळू बोल, लुडमिला. नळावर बायका आहेत."

"असू देत. त्यांनाही कळू दे, व्रझाल शिंप्याला अठ्ठावीस वर्षांनी गाव आठवलं."

नळावरच्या बायकांत मीही होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा नळ आठवडाभर कोरडा पडला होता, त्यामुळे सगळ्या मजल्यांच्या बादल्या तळमजल्यावर, व्रझालांच्या दाराशी रांगेत लागत. त्या दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता. घराची राखण करणाऱ्या बाईला येणारंजाणारं माणूस दिसायला हवं म्हणून. पण काच दोन्हीकडून काच असते. आम्हालाही ती दिसायची: बुटकी, रुंद, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात सलगम सोलायची सुरी. समोर नवरा मातेय, उंच आणि वाकलेला, जन्मभर शिवणावर मान घालून बसलेल्या माणसासारखा. चुलीजवळच्या खाटेवर पंधरा वर्षांची मिना भिंतीकडे तोंड करून पडलेली.

तो रविवार होता, एकोणीसशे अठराच्या नोव्हेंबरातला दहावा दिवस. व्हिएन्नाच्या ओट्टाक्रिंग भागात आमचं चार मजली घर होतं, बत्तीस दारांचं. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बाहेर जर्मन आणि आत चेक बोललं जायचं. भांडणं मात्र दोन्ही भाषांत व्हायची.

"गाव मला नाही आठवलं," मातेय म्हणाला. "त्यांनी आठवण करून दिली. कचेरीत टेबलामागचा माणूस म्हणतो, तुमचं इथे काय काम, तुमचं सरकार आता प्रागला बसलंय. आणि वर दातही काढले. मी म्हटलं, मग प्रागला जायचा कागद तरी द्या. दिला. गुरुवार सकाळची गाडी. चौघांची... तिघांची नावं आहेत त्यावर."

"तिघांची," लुडमिला म्हणाली. "ऐकलंत गं? तिघांची."

"जो इथे नाही त्याचं नाव मी कसं घालणार?"

"तो येणार आहे."

"येऊ दे. देवाच्या कृपेने येऊ दे. पण तो इथे कशाला येईल? त्याची पलटण मोरावियाची. सगळ्या पलटणी आपापल्या गावी चालल्यात. गाड्यांच्या टपांवर बसून चालल्यात. लोयझाची गाडी त्रेबिचला जाईल, व्हिएन्नाला थांबायचीही नाही."

"त्रेबिच त्याने जन्मात पाहिलेलं नाही! तो इथे जन्मला, वरती, तेवीस नंबरात. मी जन्म दिलाय, मला विचार. गाडी थांबली नाही तर उडी मारेल, पण इथेच उतरेल. आणि उतरून आला, आणि ह्या काचेमागे दुसरीच कुणी बाई दिसली तर? म्हणेल, व्रझाल? असं कुणी राहत नाही बाबा."

"तेरेझा सांगेल त्याला." मातेयने काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं. मी बादलीत पाहिलं.

"तेरेझा सांगेल! आणि मग तो काय करेल, नव्या सरहद्दीवरून पोहत जाईल?"

"सरहद्द कसली, अजून कुणी आखलीही नाही. लुडमिला, ऐक. सप्टेंबरात बल्गेर गेले. मग तुर्क गेले. हंगेरीवाल्यांनी आपली माणसं परत बोलावली. पोलंडवाले गेले, आपले गेले. आजच्या पेपरात बर्लिनचा कैसरही गेला. उरलं कोण? एक आपला सम्राट, आणि तोसुद्धा पेट्या भरतोय म्हणतात."

"सगळे भाडं बुडवून पळणारे भाडेकरू. मी असले पुष्कळ पाहिलेत." तिने सलगमाचा तुकडा पातेल्यात टाकला. "ते गेले म्हणून मी जाऊ? मी काय कुणाशी करार केला होता?"

"आणि ही?" मातेयने खाटेकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "डॉक्टर काल काय म्हणाला ते तू ऐकलंस ना?"

ते आम्हीही ऐकलं होतं. वॉर्डाचा डॉक्टर म्हातारा होता आणि दिवसाला साठ जिने चढून त्याची जीभ तुटक झाली होती. दाराबाहेर येऊन तो म्हणाला होता, "दूध, लोणी आणि गावची हवा. ह्यातलं इथे काहीही नाही. पोरगी इथेच ठेवायची असेल तर नाताळात मला बोलवू नका, पाद्र्याला बोलवा."

"तू घेऊन जा तिला," लुडमिला म्हणाली. "मी मघापासून तेच सांगतेय."

खाटेवरून पहिल्यांदाच आवाज आला. "आईशिवाय मी जाणार नाही."

"गप्प बस."

"नाहीच जाणार. गाडीत बसवलंत तर उतरेन."

"भावावर गेली," मातेय म्हणाला, आणि भांडण तिथेच थांबलं. संपलं नाही, फक्त थांबलं.

*

लुडमिलाबाई हा शब्द आमच्या घरात घड्याळासारखा वापरला जायचा. लुडमिलाबाईंनी जिना धुतला म्हणजे शनिवार. लुडमिलाबाई ओरडल्या म्हणजे कुणीतरी कोळशाची राख अंगणात टाकली.

तिचा जन्म शहराच्या दक्षिणेच्या वीटभट्ट्यांवरचा. सातव्या वर्षी ती ओल्या विटा उलटत होती, तेराव्या वर्षी एका वकिलाच्या घरी भांडी घासत होती. एकोणिसाव्या वर्षी तिने मातेयशी लग्न केलं, कारण, ती सांगायची, "त्याने माझा कोट उसवून पुन्हा शिवून दिला आणि एक शब्दही बोलला नाही. मला वाटलं, गरीब आहे. नंतर कळलं, नुसता हट्टी आहे." तेवीस नंबरात, एक खोली आणि एक स्वयंपाकघर, तिने चोवीस वर्षं काढली. चार मुलं झाली. दोन गेली. लोयझा आणि मिना राहिले.

तिचा जन्म व्हिएन्नाचा, मुलांचा व्हिएन्नाचा, पण कागदावर सगळ्यांचं गाव एकच: मोराविया ह्या चेक प्रांतातलं, त्रेबिचजवळचं दोल्नी रादकोव्ह. बापाचं गाव ते मुलाचं, नवऱ्याचं ते बायकोचं. पोलिसांच्या नोंदणीच्या कागदात तसा रकानाच असे, आणि घराची राखण करणारी म्हणून बत्तीस दारांचे ते कागद लुडमिलाच भरून घ्यायची. नवा भाडेकरू आला की ती विचारायची, "राहता कुठे ते दिसतंय. गाव कुठलं?" ह्या गावच्या रकान्यामुळेच लोयझाला व्हिएन्नाच्या पोरांबरोबर न घेता मोरावियाच्या पलटणीत घातलं. तिथल्या शेतकऱ्यांची पोरं त्याच्या शहरी चेकला हसायची, असं त्याने पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये घराची जुनी राखणदार वारली आणि मालकाने ते काम लुडमिलाला दिलं. एक मेला व्रझाल मंडळी तळमजल्यावर, एक नंबरात उतरली. त्यांचं तेवीस मला मिळालं. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्यातले अडीच महिने नवरा घरी होता, बाकी रशियात कैदेत. चौदा महिने त्याचं काही आलं नव्हतं.

काम हातात घेतल्यावर लुडमिलाने पहिली गोष्ट केली ती टपालाची. आमचा पोस्टमन ग्रुबर गुडघ्याने अधू होता. तो सगळ्या घराचं टपाल तिच्या खिडकीत ठेवायचा आणि ती ते दारोदार पोचवायची. पाकिटावर दाराचा नंबर चुकला असेल तर ती ग्रुबरला ऐकवायची, जणू त्यानेच लिहिलं होतं. "चौदा नंबरात रिबार कधीपासून राहतो रे? सतरात राहतो. तुझ्या साहेबांना सांग, इथे माणसं राहतात, कोंबड्या नाही."

आणि त्याच टपालात, आठ-पंधरा दिवसांनी, लोयझाचं कार्ड यायचं.

ती कार्डं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. हिरवट रंगाचं, जाड कागदाचं कार्ड. मागच्या बाजूला नऊ भाषांत एकच वाक्य छापलेलं: मी बरा आहे आणि माझं ठीक चाललं आहे. जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, मग पुढच्या. आणि खाली ताकीद, ह्या कार्डावर दुसरं काहीही लिहू नये. एक अक्षर जास्त लिहिलं तरी कार्ड फाडून टाकत. शिपायाने फक्त पुढच्या बाजूला पत्ता लिहायचा, आपलं नाव आणि लष्करी टपालाचा नंबर लिहायचा, झालं. लुडमिला ते कार्ड घेऊन जिना चढायची, प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि म्हणायची, "नऊ भाषांत बरा आहे. तुमच्यापैकी कुणाचा एका भाषेत तरी आहे का?" हे ती दुष्टपणाने म्हणत नसे. आनंद झाला की तिला दुसरं काही सुचत नसे.

जुलैत एकदा जिन्यात तिने ते माझ्या हातात दिलं. "बघ, अक्षर बघ. शाळेत ह्याच अक्षरासाठी मार खायचा."

मी अक्षर पाहिलं. पत्ता होता: फ्राउ लुडमिला व्रझाल, रस्ता, घर, आणि दार नंबर तेवीस.

मी हसले. म्हणणार होते, पोराला अजून तुम्ही माझ्याच दारात राहता असं वाटतंय. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण जूनमध्ये लोयझाचं एक खरं पत्र आलं होतं आणि ते तिने मला दोनदा वाचून दाखवलं होतं. पिआवे नदीवरच्या मोठ्या हल्ल्याच्या चार दिवस आधीचं पत्र. त्यात होतं: तुम्ही खाली राहायला गेलात हे बरं झालं, आईचे गुडघे वाचतील. पत्रावर एक नंबर होता. त्यानंतर आलेलं प्रत्येक कार्ड तेवीस नंबरचं.

हे कार्ड जुनं लिहिलेलं आहे, एवढं मला कळलं. त्याच्या पुढचं मी कळून घेतलं नाही. मी तिला काही बोलले नाही. ज्या बाईच्या हातात काहीतरी आहे तिच्या हातातून ते काढून घेऊ नये असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही, पण तेव्हा वाटायचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबरात दोन कार्डं आली. आम्हाला दाखवताना ती आता फक्त मागची बाजू पुढे करायची, नऊ भाषांची.

*

ग्रुबर ऑक्टोबरात त्या स्पॅनिश तापाने गेला. तीन आठवडे टपाल आलंच नाही. सोमवारी, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी माझ्या दारावर कुणीतरी बुक्की मारली. दारात पोस्टाची टोपी घातलेली एक तरुण बाई, धापा टाकत.

"व्रझाल?"

"व्रझाल खाली. एक नंबर. काचेचं दार."

"कागदावर तेवीस आहे."

"हो, पण ते खाली राहतात. टपाल सगळं खालीच ठेवतात आमच्याकडे."

"बाई, मला तीन रस्ते दिलेत आणि बूट एकच जोड आहे. तेवीस लिहिलंय, तेवीसला दिलं." तिने कार्ड माझ्या हातात खुपसलं आणि ती जिना उतरून गेलीही.

हिरवट कार्ड. शिक्का एकवीस ऑक्टोबरचा, म्हणजे इटलीच्या आघाडीवर सगळं कोसळायच्या तीन दिवस आधीचा. मी बरा आहे आणि माझं ठीक चाललं आहे.

कार्ड हातात धरून मी खोलीत किती वेळ उभी होते कोण जाणे. हे तिच्या हातात गेलं की गुरुवारची गाडी हुकणार, एवढं मला समोर दिसत होतं. एकवीस ऑक्टोबर म्हणजे तिच्या लेखी काल. जाळून टाकावं असंही मनात आलं, पण माझी चूल चार दिवस पेटलीच नव्हती. आणि चूल पेटलेली असती तरी मी ते केलं असतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्याचं असंच एक कार्ड कुणी जाळलं असतं तर, असा विचार आला आणि मी खाली निघाले.

खाली लुडमिला मिनाला पाजत होती, सलगमाचं पाणी, त्यात साखरेऐवजी सॅकरीन. मातेय खिडकीशी बसून कोटाचं बटण तोडत होता, सरकारी गरुडाचं पितळी बटण. लष्कराच्या कोटांचं काम त्याला शेवटपर्यंत मिळत होतं. मागच्या आठवड्यात कारखान्याने अर्धे शिवलेले कोट त्याच्याकडेच राहू दिले. घालायला कुणी उरलं नव्हतं. आता तो बटणं काढून त्यांचे साधे कोट करत होता.

"पेपर आला का गं?" त्याने विचारलं. "सम्राटाचं काही ठरलं म्हणतात. भिंतीवर कागद लावतायत."

"नाही. हे आलंय," मी म्हटलं आणि कार्ड पुढे केलं.

लुडमिला उठली. वाटी तिने मिनाच्या हातात दिली, हात एप्रनला पुसले, दोनदा पुसले. कार्ड घेतलं, मागची बाजू पाहिली, आणि मातेयकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी जिंकणं म्हणेन.

"बोल आता. एकवीस तारीख! बोल, गाडी त्रेबिचला जाते म्हणून!"

बटण मातेयच्या बोटांत फिरत राहिलं.

"पण तुझ्याकडे कसं आलं हे?" तिने मला विचारलं. तोंडावर अजून हसू होतं. "खिडकीत नाही ठेवलं तिने? नवी आहे वाटतं. उद्या बघते तिच्याकडे. एक नंबरचं टपाल तिसऱ्या मजल्यावर नेते म्हणजे काय..."

"तिची चूक नाही," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, मी सांगणार नाही. पण ती त्या पोस्टाच्या पोरीला बोलायला लागली आणि माझ्या तोंडून गेलं.

"कार्डावर तेवीस आहे."

लुडमिलाने कार्ड उलटलं. वाचलं. तिला सावकाश वाचता यायचं, पण नंबर ती चटकन वाचायची, तो तिचा धंदाच होता. मग ती कपाटाकडे गेली आणि कॉफीचा पत्र्याचा डबा काढला. आठ कार्डं होती त्यात, आणि एक पत्र. पातेलं बाजूला सारून तिने ती टेबलावर मांडली, पहिल्यांदाच पत्त्याची बाजू वर करून. मी तिच्या मागे उभी होते. तेवीस, तेवीस, तेवीस. पत्रावर एक.

"तो विसरला असेल," मातेय म्हणाला.

"पत्रात लिहिलंय त्याने. माझे गुडघे."

"आई," खाटेवरून मिना म्हणाली, आणि एका दमात सांगू लागली, "लोयझा नेहमी असंच करतो, आठवतं का? शाळेत आठवड्याचा अभ्यास रविवारीच करून ठेवायचा, सगळी पानं एकदम, तसंच. पलटणीत कार्डांचा गठ्ठा वाटला असेल एप्रिलमध्ये, त्याने सगळ्यांवर एकदम पत्ता लिहून ठेवला असेल. आता एकेक टाकतो. नवीन पत्ता लिहायचा कंटाळा. त्याला माहीत आहे, तू पोचवून घेशीलच."

एवढं बोलून तिला खोकला आला. ती थांबली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, हे तिला आत्ता सुचलेलं नाही. तिने हे केव्हापासून तयार ठेवलं होतं. माझ्यासारखंच तिलाही जुलैपासून ठाऊक होतं.

"असेल," लुडमिला म्हणाली. "तसंच असेल. आळशीच आहे." ती खुर्चीवर बसली. थोडा वेळ मला वाटलं, निभावलं.

पण ती कार्डांकडे पाहतच होती. मग तिने पहिलं कार्ड उचललं आणि पत्र उचललं आणि दोन्ही उजेडाकडे धरली. मग दुसरं कार्ड.

"हा नंबर कुणाचा?"

"कुठला?"

"टपालाचा. खालचा. नाव त्याचं आहे, पत्ता त्याचा आहे. नंबर त्याचा नाही."

मातेय उठून आला. मीही वाकले. लोयझाच्या अक्षराच्या खाली, जिथे लष्करी टपालाचा नंबर लिहायचा, तिथे तीन आकडे होते. मेच्या कार्डावर ते त्याच्याच तिरप्या हाताचे, निळ्या पेन्सिलीचे. जुलैपासून पुढच्या सगळ्या कार्डांवर तेच तीन आकडे दुसऱ्याच्या हातचे, उभे, दाबून लिहिलेले, शेतकऱ्याच्या पोराने मन लावून लिहावे तसे.

"बापाची शपथ घेऊन सांग," लुडमिला म्हणाली. "पलटणीत असं करतात का?"

कोट आणणारे-नेणारे शिपाई मातेयकडे वर्षभर येत होते. तो त्यांच्याशी बोलायचा.

"करतात," तो म्हणाला. "हल्ल्याच्या आधी. पत्ते लिहून ठेवतात आणि मित्राजवळ देतात, आपलं काही झालं तर तो एकेक टाकत राहतो. म्हणजे... आईला एकदम काही कळू नये. हळूहळू... नंबर मोकळा सोडतात, पलटण हलली तर नंबर बदलतो म्हणून." मग एकदम घाईने, "पण नंबर तुकडीचा कारकूनही लिहितो, लुडमिला. मला एकाने सांगितलं होतं. सगळी कार्डं गोळा करतात आणि कारकून नंबर लिहितो. तसंही असेल. नक्की काय, आपण कोण सांगणारे? इस्पितळात असेल. हाताला लागलं असेल, दुसऱ्याकडून लिहवून घेत असेल."

"आणि कार्डं संपेपर्यंत टाकायची, असंच ना?"

"मी म्हटलं ना, कारकून..."

"कितीचा गठ्ठा देतात?"

"मला काय माहीत! दहा. वीस." त्याचा आवाज फुटला. "लुडमिला, आपण थांबू या. हा कागद काय, पुन्हा मिळेल. नाताळपर्यंत थांबू. इटलीवाल्यांनी लाखोंनी माणसं धरलीत, त्यांच्या याद्या येतील. रेड क्रॉसमध्ये मी रोज जाईन. दूध मी कुठूनही आणेन, गावाकडून येणाऱ्या गाडीवाल्यांकडून, मशीन विकेन. तू इथे असलीस म्हणजे तो येईल तेव्हा..."

कालपर्यंत तो हेच सगळं उलटं म्हणत होता. तो हे तिच्यासाठी बोलत नव्हता, हे मला तिथे उभं राहून दिसत होतं. काल ती थांबणार म्हणत होती तोवर त्याला जाता येत होतं. घरात एकाने थांबायला हवं असतं. आज तिने वाट पाहणं सोडलं की ते त्याला धरावं लागणार होतं.

लुडमिलाने त्याचं बोलणं मध्ये तोडलं नाही. तिला असं गप्प बसून ऐकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली आणि ओरडून सांगितलं, कोपऱ्यावर कागद लागला, सम्राटाने हात काढून घेतला राज्यातून. दुसरी म्हणाली, मग आता ब्रेडचं कार्ड कोण देणार? कुणाला माहीत नव्हतं.

मिना खाटेवर उठून बसली होती. रडत नव्हती. सलगमाचं पाणी वाटीत तसंच होतं, तिच्या मांडीवर थंड होत होतं.

"तुला माहीत होतं?" लुडमिलाने तिला विचारलं.

मिनाने होकाराची मान हलवली.

"आणि तुला?" माझ्याकडे न वळताच.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ती बोलेल. जे बोलेल ते मी ऐकून घेणार होते. बत्तीस दारांना ती जे ऐकवायची त्याच्या दसपट ऐकवलं असतं तरी मी तिथेच उभी राहिले असते. पण टेबलावरची कार्डं तिने एकावर एक ठेवली, डब्यात घातली नाहीत, तशीच ठेवून दिली. पोरीजवळ गेली. तिच्या मांडीवरची वाटी घेतली, चुलीवर ठेवली, फुंकर घालून निखारा जागा केला. पाणी कोमट होईपर्यंत ती तिथे उभी राहिली. मग वाटी पोरीच्या ओठाला लावली आणि शेवटचा घोट जाईपर्यंत काढली नाही.

"नाताळपर्यंत थांबू," मातेय पुन्हा म्हणाला, जवळजवळ विनवणीच्या सुरात. "नुसतं नाताळपर्यंत."

"नाताळपर्यंत ही टिकणार नाही," लुडमिला म्हणाली. तिने वाटी खाली ठेवली. "गुरुवारच्या गाडीने जायचंय. तिघांनी. मालकाला मी उद्या सांगते, दुसरी बाई बघा म्हणून."